हेरंबच्या सीपीयूला झेपेल का

हेरंब परबला कुणी काहीही म्हणावं, तो ऐकून घेतो. पोट सुटलंय म्हणा, केस मागे सरकलेत म्हणा, इन्शुरन्सच्या ऑफिसात इतकी वर्षं एकाच खुर्चीला चिकटून बसलायस म्हणा, तो हसेल आणि वर तुम्हालाच चहा पाजेल. फक्त त्याच्या सीपीयूला म्हातारा म्हणायचं नाही. काळाचौकीच्या त्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि म्हणूनच येता-जाता जो तो नेमकं तेवढंच म्हणायचा.

घर दोन खोल्यांचं. तिथे प्रत्येक वस्तूला दुमडायची शिस्त होती. गाद्या दुमडायच्या, कपडे वाळत घालायचा स्टँड दुमडायचा, पाहुणा आलाच तर तोसुद्धा पाय दुमडून बसायचा. एकट्या हेरंबचा कोपरा तेवढा बारा महिने पसरलेला. भिंतीला लागून टेबल, त्यावर स्क्रीन, समोर चाकांची खुर्ची, आणि टेबलाच्या उजव्या कडेला, खाली स्टुलावर, तो काळा डबा. डब्याच्या डोक्यावर मोठ्या भोकांची जाळी होती. तिथे एक पंखा बसवायचा राहिला होता, तो आजतागायत राहूनच गेला.

हा डबा हेरंबने आणि शेजारच्या मयूरने मिळून जुळवलेला, हेरंबच्या लग्नाच्याही आधी. लॅमिंग्टन रोडची दुकानं पालथी घालून एकेक पार्ट निवडला आणि टॅक्सीतून मांडीवर घेऊन असा जपून आणला, की टॅक्सीवाल्याने विचारलं, बाळाची आई कुठे राहिली. पुढे मयूर नोकरीसाठी दोहाला गेला, हेरंबच्या घरात आकांक्षा आली, बाबा गेले, आणि डबा स्टुलावर तसाच राहिला. रविवारी दोघे मित्र कानाला हेडफोन लावून ऑनलाइन भेटायचे. बोलायचे सगळं बंदुकांबद्दल आणि होड्यांबद्दल. पण मयूरला नोकरीत त्रास होता ते हेरंबला असंच कळलं होतं, आणि बाबा गेले त्या आठवड्यात हेरंब एकही शब्द न बोलता नुसता होडी चालवत बसला होता, ते मयूरने चालवून घेतलं होतं.

तर त्यांच्या लाडक्या गेमचा, 'ग्रे हार्बर'चा, दुसरा भाग आला. पहिला भाग त्यांनी याच डब्यावर आळीपाळीने खेळून संपवला होता आणि दुसऱ्याची वाट बघता बघता दोघांना चष्मे लागले. मयूरने तो पहिल्याच दिवशी विकत घेतला आणि फोन केला.

"हेऱ्या, या रविवारी सोबत उतरायचं. पण खरं सांग, आपल्या म्हाताऱ्याला झेपेल का?"

"म्हातारा कुणाला म्हणतोस रे?" हेरंब म्हणाला आणि त्याने फोन ठेवून दिला. मग गुपचूप कंपनीची यादी उघडली. गेम चालायला कमीत कमी काय काय लागतं ते त्यात लिहिलेलं असतं. रॅम जेमतेम बसत होती. ग्राफिक्स कार्ड दोन पायऱ्या खालचं निघालं. आणि डब्यातल्या प्रोसेसरचं तर यादीत नावच नव्हतं, जसं काही तो कधी जन्मालाच आला नव्हता.

"मिनिमम वगैरे घाबरवायला लिहितात," त्याने जेवताना जाहीर केलं. "पत्रिकेसारखं असतं ते. छत्तीस गुण कुणाचे जुळतात? अठरावर लग्नं होतात आणि चालतात."

"आपले किती जुळले होते?" आकांक्षाने विचारलं.

"साडेअठरा."

"तेच म्हटलं, अधूनमधून हँग का होतो तू."

आकांक्षा परळच्या एका हॉस्पिटलात रक्त तपासायच्या लॅबमध्ये होती. सुई टोचतानाचा तिचा तो गोड, शांत आवाज घरातही तसाच असायचा, त्यामुळे टोचून झाल्यावरच कळायचं. ती आणि हेरंब खाली चटईवर बसून जेवत होते. हेरंबची आई, सुंदराबाई, पलंगाच्या कडेवर बसून मांडीवरच्या वाटीतली पेज चमच्याने पीत होती. आताशा तिचं रात्रीचं जेवण एवढंच. विचारलं की म्हणायची, भूक नाय गो.

"मला तो कोपरा हवाय," आकांक्षा म्हणाली. "तिथे एक जेवायचं टेबल येईल. तिघांपुरतं. आईंच्या गुडघ्यांना खाली बसणं होत नाही, दिसतंय ना तुला?"

"माझ्या गुडघ्यांक काय धाड भरलीहा?" पलंगावरून लगेच आवाज आला. "टेबलावर बसून सायबलोक जेवतात. आमच्यात नाय तसला काय. आणि हेरंबच्या टेबलाला कुणी हात लावायचा नाय, सांगून ठेवतंय."

हेरंबची छाती दीड वीत फुगली. हे नेहमीचं होतं. कंप्युटरवर विषय आला की म्हातारी वाघिणीसारखी त्याच्या बाजूने उभी राहायची. रोज संध्याकाळी तो घरी येई तेव्हा टेबल आरशासारखं पुसलेलं असे. आकांक्षा काही म्हणो, आईला आपल्या लेकराचं मन कळतं, असं त्याला वाटायचं आणि तो ते बायकोला ऐकवायचाही.

"ठीक आहे," आकांक्षा म्हणाली. "पैज लावू. रविवारी दुपारी हा नवा गेम तुझ्या डब्यावर एक तास सलग चालला, तर कोपऱ्याचं नाव काढणार नाही. मध्ये बंद पडला किंवा तू उठलास, तर डबा भंगारात आणि तिथे जेवायचं टेबल."

"उठू कशाला मी?"

"पाणी प्यायला उठशील. तुझी खात्री देता येत नाही."

हेरंबने पैज घेतली. घेतल्यावर मग त्याने हिशोब मांडला. डबा गेला तर नवा घ्यायची ऐपत आज नव्हती, आणि खरं सांगायचं तर नव्या डब्यासाठी या घरात दुसरा कोपराही नव्हता. रविवारचा मयूर कायमचा जाणार होता. चाळिशीतला माणूस मित्राला उगीचच फोन करत नाही, त्याला निमित्त लागतं, आणि निमित्त त्या स्टुलावर ठेवलेलं होतं.

गेम उतरवून घ्यायला इंटरनेटने सगळा आठवडा खाल्ला. शनिवारी आकांक्षा भाजी आणायला गेलेली बघून हेरंबने चोरून चाचणी घेतली. स्क्रीन उजळली. तेच बंदर, तोच धक्का, तेच भोंगे, आणि पाणी असं की हात बुडवावासा वाटावा. हेरंबला भरून आलं. "चालला," तो स्वतःशीच म्हणाला. मग डब्यातून घरघर सुरू झाली. घरघरीची पिठाची गिरणी झाली. खोलीत एक खमंग वास पसरला, आणि टप्पकन सगळं काळं पडलं.

दोनदा केलं, दोनदा तेच. तेवढ्यात आकांक्षा पिशव्या घेऊन दारात.

"कसला वास येतोय? पोहे भाजतंय का कुणी?"

"शेजारी," सुंदराबाई पलंगावरून म्हणाली. इतक्या चटकन म्हणाली, की हेरंबला वाटलं, आई आपल्याला सांभाळून घेतेय. त्या रात्री तिने मीठ-मोहरी घेऊन डब्याची दृष्टही काढली. सारखे सगळे म्हातारा म्हातारा म्हणतात, लागली असेल कुणाची.

रविवार उजाडला तो फाशीच्या कैद्याला उजाडावा तसा. हेरंबने शेवटी नाक मुठीत धरून मयूरला व्हिडिओ कॉल लावला आणि सगळं कबूल केलं.

"मध्येच बंद पडतो म्हणजे तापतोय रे तो," मयूर म्हणाला. "कार्डाचा प्रश्न असता तर अडखळत चालला असता. शेवटचा उघडून साफ कधी केलास?"

हेरंबने डब्यावर बोट फिरवून बघितलं.

"हेऱ्या, आपण जुळवला त्यानंतर एकदाही नाही?"

"देवाला काय रोज सोलून बघतात?"

"उघड आधी. डावीकडचं झाकण."

हेरंबने स्क्रूला स्क्रूड्रायव्हर लावला मात्र, सुंदराबाई पलंगावरून उठली. गुडघ्यावर हात ठेवून, भिंतीला धरत, पण उठली. "उघडू नको त्याका. चालता तसा चालू दे. आतला बघू नये."

"आई, काही होत नाही."

"माका नको शिकवू. तुझे बाबा मिलमध्ये कापड विणायच्या साच्यावर होते, त्यांनी कधी उगाच साचा उघडला नाय."

"आई, तुम्ही बसा," आकांक्षा म्हणाली आणि खुर्ची पुढे केली. तिला यात मजा वाटायला लागली होती. तिने लॅबचे हातमोजे चढवले आणि एक लहान चिमटा घेऊन ती हेरंबशेजारी मांडी घालून बसली. झाकण निघालं.

आधी धूळ दिसली. नुसती धूळ नव्हे, पिंजलेल्या कापसाच्या लाद्याच होत्या. त्या उचलल्यावर खाली लाल-पिवळं काहीतरी दिसलं. आकांक्षाने चिमट्याने एक दाणा उचलून उजेडात धरला. तांदूळ. कुंकवाने माखलेला, आणि भाजून खरपूस झालेला. मग दुसरा. मग मूठभर. प्रोसेसरवरच्या पंख्याच्या पात्यांत, त्याखालच्या पत्र्याच्या फटींत, सगळीकडे अक्षता. सोबत झेंडूच्या वाळक्या पाकळ्या आणि आपट्याची दोन पानं.

फोनमधून मयूरचा हसण्याचा आवाज यायला लागला आणि थांबेना. "काकी, हा गेमिंग पीसी आहे की देव्हारा?"

सुंदराबाईने मान ताठ केली. "दसऱ्याला पूजा नको? मिलमध्ये प्रत्येक साच्याला हार घालायचे, हळद-कुंकू लावायचे. लॉकडाऊनमध्ये ह्याचा पगार कुठून येत होता? ह्या डब्यातूनच ना? मग वर अक्षता टाकल्या तर चुकलं काय माझं?"

"वर टाकल्यास तर आत कशा गेल्या?" हेरंबने विचारलं.

"जाळीतून घातल्या. नुसत्या टोपणाची पूजा करून काय उपयोग? काम आतला करता."

हेरंबलाही हसू फुटलं. कंपनीच्या यादीत काय नव्हतं, प्रोसेसर होता, कार्ड होतं, रॅम होती. दर दसऱ्याला मूठभर तांदूळ पोटात घेऊन चालला पाहिजे, असं मात्र कुठे लिहिलेलं नव्हतं. तरी गडी इतकी वर्षं चालला. हेरंबला त्याचा अभिमान वाटला आणि त्याने मयूरला तसं सांगितलं.

आकांक्षा हसता हसता चिमट्याने फटी साफ करत होती. मग तिचं हसणं थांबलं. तिने चिमटा वर धरला. चिमट्यात कढीपत्त्याचं पान होतं.

"आई, दसऱ्याला कढीपत्ताही वाहतात?"

सुंदराबाई खिडकीबाहेर बघायला लागली.

आकांक्षाने पुन्हा चिमटा घातला. चिवड्यातला एक शेंगदाणा निघाला. वाळून खडा झालेली भाताची शितं निघाली, कुंकू नसलेली, पांढरी. आणि सगळ्यात शेवटी एक बारीक, बाकदार काटा. मालवणी घरात तो काटा कुणाचा ते विचारावं लागत नाही.

"बांगडा," हेरंब म्हणाला.

"मांजर येता," सुंदराबाई म्हणाली. "दुपारची. गॅलरीतून."

"मांजर चिवडा पण खाते?" आकांक्षाने त्याच गोड आवाजात विचारलं. "आणि खाऊन झाल्यावर टेबलही पुसून ठेवते?"

फोनमधला मयूर हसायचा थांबला. त्याला तिकडे बसून जे कळलं ते इकडे हेरंबला कळायला अजून थोडा वेळ लागला. आधी त्याने जाळीकडे बघितलं, मग तिच्या बरोबर वर आलेल्या टेबलाच्या कडेकडे, मग आई बसली होती त्या चाकांच्या खुर्चीकडे. ती खुर्चीत नीट, पाठ टेकून, पाय खाली सोडून बसली होती. सवयीची जागा असावी तशी. दोन्ही हात टेबलावर, कीबोर्ड आपोआप मागे सरकवलेला.

"तू दुपारी इथे जेवतेस?"

"मग खय जेवू?" सुंदराबाई एकदम बोलली. "खाली बसलंय तर उठवूक कोण आसा घरात? एकदा बसले ती तुम्ही कामावरून येईपर्यंत तशीच बसून होते. आणि पलंगावर मांडीत ताट घेऊन आजाऱ्यासारखी नाय जेवणार मी. आयुष्यभर सगळ्यांना पंगतीत वाढलंय. हयसर बरा वाटता. ताट समोर येता, पाठ टेकता. एकटी असले तरी जेवल्यासारखा वाटता."

"मग टेबल घेऊ म्हणत होते तेव्हा नको का म्हणालात?" आकांक्षाने विचारलं. आता आवाजात सुई नव्हती.

"तुम्ही दोघं खाली बसणार आणि मी तुमच्या वर टेबलावर? आणि लेकाचा खेळ काढून माझा ताट मांडायचा? शोभता काय?"

हेरंबला लाज वाटली. साधीसुधी नाही, कानाच्या पाळ्या तापल्या. आई आपल्या बाजूने भांडते म्हणून वर्षभर मिरवलं, आणि ती भांडत होती आपल्या ताटाच्या जागेसाठी. रोज पुसलेलं टेबल बघून आपण खूश होत होतो. कशाने खरकटं होतं ते एकदाही विचारलं नाही. तो ब्रशने पंखा झाडत राहिला.

डबा साफ झाला. झाकण लागलं. मयूर म्हणाला, सेटिंग सगळी खाली घे, शोभेला जाऊ नकोस. आकांक्षाने घड्याळ बघून हात वर केला आणि पैज सुरू झाली.

आणि काय सांगायचं, चालला. जहाजं साबणाच्या वड्यांसारखी दिसत होती आणि समुद्र पातळ आमटीसारखा, पण चालला. गिरणी नाही, वास नाही. दोहाहून मयूरची होडी आणि काळाचौकीहून हेरंबची होडी एकमेकींना लागून बंदरातून बाहेर पडल्या. मयूर मध्येच म्हणाला, "म्हाताऱ्याने लाज राखली रे," आणि पहिल्यांदाच हेरंबने त्याला त्या शब्दावरून हटकलं नाही. अर्धा तास झाला. आकांक्षा भिंतीला टेकून बघत होती. हरत होती, पण तिच्या चेहऱ्यावरून तसं वाटत नव्हतं.

जेवायची वेळ झाली. तिने चटई पसरली, ताटं घेतली. हेरंबने स्क्रीनच्या कडेवरून बघितलं. सुंदराबाई पलंगाकडे गेली होती. तिथे कडेवर बसून तिने मांडीवर ताट घेतलं, ते कलंडलं, सावरलं, आमटीची वाटी कुठे ठेवावी म्हणून तिने इकडेतिकडे बघितलं आणि शेवटी वाटी परत करून नुसता भात घेतला. भूक नाय गो, म्हणाली.

हेरंबने हेडफोन काढला.

"अरे, कुठे?" मयूर ओरडला. "धक्का समोर आहे, पाच मिनिटांचं काम आहे."

"थांब जरा. आई जेवायचीय."

"उठलास तर हरलास," आकांक्षाने आठवण करून दिली.

"हरलो," हेरंब म्हणाला. त्याने कीबोर्ड मागे सरकवला, माऊस स्क्रीनच्या पाठी टाकला आणि आईला हाताला धरून आणून खुर्चीत बसवलं. ताट समोर ठेवलं. आमटीची वाटी ताटाशेजारी ठेवली. सुंदराबाई नको नको म्हणत होती, पण हात भातात गेलेला होता.

"पैजेप्रमाणे इथे जेवायचं टेबल यायला हवं," ती घाबरून म्हणाली. "मग ह्या टेबल खय जाणार?"

"कुठे जातंय? आलं की जेवायचं टेबल," आकांक्षा म्हणाली. तिने स्वयंपाकघरातून दोन स्टुलं आणली, आपलं ताट एका बाजूला टेकवलं, हेरंबचं दुसऱ्या. तिघांचे कोपर एकमेकांना लागत होते. स्क्रीनवर दोन होड्या धक्क्यापासून जराशा लांब उभ्या होत्या. गेम अजून चालू होता.

"काकी, काय जेवताय?" फोनमधून मयूरने विचारलं.

"बांगड्याचा तिखला. तू कधी येतस?" सुंदराबाईने विचारलं. मयूर म्हणाला, दिवाळीला बघतो. तिने भात पुन्हा मागून घेतला. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच ती आकांक्षासमोर दुसऱ्यांदा भात घेत होती. जेवता जेवता तिने स्क्रीनकडे मान करून विचारलं, "ही होडी कधीची उभी आसा. बंद पडली काय?"

"नाही. तुझं होऊ दे, मग चालवतो."

सुंदराबाईने शेवटचा घास घेतला, काटे ताटाच्या कडेला लावले, आणि रोजच्या सवयीने सांडलेली शितं तळहाताने गोळा करत टेबलाच्या उजव्या कडेला लोटली. हेरंबने कडेखाली ओंजळ धरली होती.